मोठी लेन्स नंतर, आधी बांधावरची रुई

संगमनेर तालुक्यातल्या एका शिक्षकांचं पत्र आहे. ते लिहितात: "तीन वर्षांपासून कॅनन १५००डी कॅमेरा वापरतो. सोबत १८-५५ आणि ५५-२५० या दोन लेन्स. सकाळी शाळेआधी तासभर आणि रविवार, एवढाच वेळ हाताशी असतो. ताडोब्याला वारंवार जाणं परवडत नाही. फुलं, फुलपाखरं, बगळे, वेडे राघू यांचे ढिगानं फोटो झाले, पण आता सगळे एकसारखेच वाटतात. मित्र म्हणतात, १५०-६०० घे. त्यासाठी कर्ज काढावं का? आणि आमच्यासारख्या कोरड्या भागात नवे विषय आणायचे कुठून? बारा फोटो सोबत जोडलेत. जूनमध्ये काजव्यांचेही फोटो काढायचेत, त्याबद्दल सांगावं. शिवाय पावसाळ्यात लेन्सला बुरशी येते म्हणतात, त्याचं काय?"

सर, नमस्कार.

कर्ज काढू नका. १५०-६०० ही लेन्स वाईट नाही, पण तुमचं दुखणं वेगळं आहे आणि त्यावर हे औषध नाही. सिग्माच्या १५०-६०० कंटेम्पररीचं वजन दोन किलोला टेकतं आणि २.८ मीटरच्या आत तिचा फोकसच लागत नाही. म्हणजे तुमच्या हाताच्या अंतरावर जे काही आहे त्यातलं बरंचसं तिच्या हिशेबातच नाही. लांबचा वेडा राघू तिच्यामुळे मोठा दिसेल, पण तो त्याच तारेवर, त्याच उन्हात, तसाच बसलेला असेल.

तुमच्या बारा फोटोंची माहिती फाइलमध्ये नोंदलेली आहेच. ती एकदा तुम्हीही नीट बघा. जवळपास सगळे फोटो साडेआठ ते अकरा या वेळातले. जवळपास सगळे २५० मिमीवर आणि एफ/५.६ वर (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा, तो जितका मोठा तितकं छिद्र लहान). विषय मधोमध, आणि कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर. विषय बारा आहेत, पण फोटो काढायची रीत एकच आहे. फोटो एकसारखे वाटतात ते त्यामुळे.

उभं राहून खाली बघत फोटो काढला की काय होतं? गुडघ्याएवढ्या फुलाच्या मागे जमीन येते, तीही फुलापासून दोन-तीन वीत अंतरावर. एवढ्या जवळची जमीन कुठल्याच लेन्सने पुरती धूसर होत नाही. काड्या, खडे, गवत सगळं ओळखू येतं आणि फूल त्यात हरवतं. तोच कॅमेरा फुलाच्या उंचीवर आणला, तर मागे दहा-वीस मीटरवरचा बांध किंवा झाडांची सावली येते. लेन्स तीच, छिद्र तेच, पण मागचं सगळं एका रंगात मिसळून जातं. त्यासाठी पैसे लागत नाहीत, फक्त पँट मळते.

आता विषयांकडे येऊ. नवे विषय शोधणं वर्षभर बंद ठेवा. एकच घ्या, रुई. तुमच्या भागात बांधावर, रस्त्याच्या कडेला, पडक्या विहिरीपाशी ती असतेच, आणि कोरडवाहू भागातलं यापेक्षा गजबजलेलं झुडूप सापडणं अवघड. घरापासून पाच-दहा मिनिटांवरची दोन-तीन झुडपं हेरून ठेवा आणि रोजचा तो तास तिथेच घालवा.

रुईवर काय काय मिळतं ते थोडं सविस्तर सांगतो. पानांच्या खालच्या बाजूला प्लेन टायगर फुलपाखराची अंडी असतात, एका जागी एकच, टाचणीच्या डोक्याहून लहान. त्यातून निघणारी अळी काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांची असते आणि तिच्या पाठीवर काळ्या, लवचीक तंतूंच्या तीन जोड्या असतात. कोवळ्या शेंड्यांवर पिवळाधमक मावा दाटीनं बसलेला असतो, आणि मावा आला की त्याला खाणारे ढालकिडे मागोमाग येतात. फुलांवर मोठे काळे भुंगे येतात, रुईचं परागीभवन प्रामुख्याने तेच करतात. पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा रंगीत टोळ याच झुडपावर पोसतो. पुढे उन्हाळ्यात बोंडं उकलतात आणि आत माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक रचलेल्या चपट्या बिया दिसतात, प्रत्येकीला रेशमी झुबका. मुलं ज्यांना म्हाताऱ्या म्हणतात त्या याच. एवढ्या यादीवर वर्ष सहज निघतं.

एक सावधगिरी आत्ताच सांगतो. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. पान तुटलं, हाताला चीक लागला आणि त्याच हाताने डोळा चोळला, तर डोळ्याला गंभीर इजा होऊ शकते. व्ह्यूफाइंडरला डोळा लावणाऱ्याच्या बाबतीत हे सहज घडू शकतं. पाण्याची बाटली जवळ ठेवा. आड येणारं पान तोडू नका, सुतळीने अलगद बाजूला ओढून बांधा आणि निघताना सोडा.

पहिला महिना फक्त प्रकाशाची दिशा बदलण्यासाठी ठेवा. तुमचे सगळे फोटो सूर्य पाठीमागे ठेवून काढलेले आहेत. लहानपणी शिकवलेला तो नियम फिल्मच्या काळात सोयीचा होता. आता सूर्याकडे तोंड करून बसा. रुईची म्हातारी हा त्यासाठी उत्तम विषय आहे. सूर्य क्षितिजापासून १५-२० अंशांपर्यंत वर असावा, म्हणजे उगवल्यावर साधारण तास-दीड तासाच्या आत. उकललेलं बोंड तुमच्या आणि सूर्याच्या मध्ये, पण सूर्य फ्रेमच्या थोडा बाहेर. मागे काळोखी सावली हवी, आंब्याच्या झाडाची, विहिरीच्या भिंतीची, कशाचीही. आता गंमत अशी की कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर त्या काळ्या पार्श्वभूमीला फसतो, फ्रेम अंधारी आहे असं समजून उजेड वाढवतो, आणि रेशमी तंतू पांढरेफटक जळून जातात. म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे १ पासून सुरू करा आणि गरज पडली तर उणे १⅔ पर्यंत न्या. स्क्रीनवर जळालेला भाग लुकलुकतो, तो झुबक्यावर लुकलुकायला नको.

समोरून ऊन लेन्सवर पडलं की फोटो पांढुरका होतो. लेन्सच्या कडेला तळहात धरून सावली करा, सावली काचेवर पडली की व्ह्यूफाइंडरमध्ये रंग एकदम गडद होताना दिसतो. स्वस्तातला यूव्ही फिल्टर लावलेला असेल तर अशा वेळी काढा. हिरवट वर्तुळं आणि सूर्याची भुतं बहुतेक वेळा त्याच्याच कृपेनं येतात.

पानातून येणारा उजेड टिपायचा असेल तर मात्र रुई कामाची नाही. तिचं पान जाड आणि पिठूळ असतं, आरपार उजळत नाही. त्यासाठी मार्चच्या आसपास पिंपळाची तांबूस पालवी घ्या. पानामागे आकाश असेल तर इथे हिशेब उलटा, अधिक १ करावं लागतं. पानाचा पृष्ठभाग आणि कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा सेन्सर समांतर ठेवा, म्हणजे एफ/८ वर सगळ्या शिरा एकसारख्या स्पष्ट येतील.

दुसरा टप्पा जवळ जाण्याचा. तुमच्या १८-५५ ला कमी लेखू नका. ५५ मिमीवर, २५ सेंटीमीटरवर फोकस केला तर ती सुमारे ०.३४ पट मोठं दाखवते, म्हणजे साधारण साडेसहा सेंटीमीटर रुंदीचा भाग पूर्ण फ्रेम भरतो. रुईचा फुलोरा किंवा अख्खी अळी त्यात मावते. हे २५ सेंटीमीटर सेन्सरपासून मोजतात, लेन्सच्या काचेपासून नाही. त्यामुळे प्रत्यक्षात काच विषयापासून वीतभर अंतरावरही नसते. सावली पडते आणि फुलपाखरू उडतं.

इथे पैसे खर्च करण्यासारखी एकच वस्तू आहे, चांगल्या प्रतीचं क्लोजअप भिंग. तुमच्या ५५-२५० च्या पुढच्या काचेवर ते लावायचं. रेनॉक्सचं डीसीआर-१५० हे ४.८ डायॉप्टरचं (डायॉप्टर म्हणजे भिंगाच्या ताकदीचं माप) आहे. त्याची चिमटीची चकती ५२ ते ६७ मिमी व्यासाच्या लेन्सवर बसते आणि तुमच्या दोन्ही लेन्सचा व्यास ५८ मिमी आहे. २५० मिमीवर, फोकस अनंतावर ठेवून, ते जवळपास १.२ पट मोठं दाखवतं आणि विषयापासून साधारण २० सेंटीमीटर लांब राहता येतं. टोळ किंवा अळी बिचकू नये यासाठी ते अंतर पुरेसं आहे. याच कंपनीचं डीसीआर-२५० हे ८ डायॉप्टरचं आहे. ते दुप्पट मोठं दाखवतं, पण अंतर बारा सेंटीमीटरच्या आसपास येतं आणि सुरुवातीला फोकस हाती लागत नाही. आधी १५० घ्या. 'मॅक्रो फिल्टर सेट' म्हणून तीन-चार काचांचा जो स्वस्त संच मिळतो तो घेऊ नका. एकेरी काचेमुळे कडेला जांभळी-हिरवी किनार येते आणि कोपरे विरघळतात.

एवढ्या जवळून काम करताना खोलीचा हिशेब डोक्यात हवा. १.२ पट मोठं करताना एफ/११ वरसुद्धा स्पष्ट दिसणारी खोली एक मिलिमीटरपेक्षा कमी असते. मग एफ/२२ का नको? कारण छिद्र एफ/११ हून फार बारीक केलं की त्यातून जाताना प्रकाश पसरतो, आणि या विवर्तनामुळे अख्खा फोटो मऊ पडतो. एफ/८ ते एफ/११ मध्येच राहा. खोली वाढवण्यापेक्षा कॅमेऱ्याचा कोन सुधारा. अळीच्या कुशीला सेन्सर समांतर आणला की त्या मिलिमीटरभरात डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळं बसतं.

ऑटोफोकस इथे पुढेमागे नुसता घरघरत राहतो. मॅन्युअलवर या, रिंग अनंतावर ठेवा आणि फोकससाठी स्वतःच किंचित पुढेमागे डोला. किड्याचा डोळा स्पष्ट होतोय असं वाटलं की तीन-चार फोटोंची फैर झाडा. किलोभर तांदूळ किंवा राजमा भरलेली कापडी पिशवी जमिनीवर ठेवली की कॅमेऱ्याला चांगला टेकू मिळतो, ट्रायपॉड एवढा खाली जात नाही. हलणाऱ्या फांदीला काठीचा आधार द्या: एक काठी जमिनीत रोवायची आणि तिला कपड्याच्या चिमट्याने फांदी धरायची. अळी बसलेली डहाळी सोडून, तिच्या खालचा भाग धरायचा. आणि सगळ्यात सोपा उपाय म्हणजे पहाट. नोव्हेंबर ते जानेवारीत उजाडताना वारा पडलेला असतो, थंडीने किडे सुस्त असतात, पंखांवर दव असतं. तुमच्या हातातला तो शाळेआधीचा तास याच कामाला सगळ्यात चांगला आहे.

कॅमेऱ्यातला उघडणारा फ्लॅश जवळच्या विषयावर वापरलात तर फ्रेमच्या खालच्या भागात लेन्सचीच सावली पडते. तुमच्या टोळाच्या फोटोत जो काळा अर्धगोल आला आहे तो तोच. पॅकिंगमध्ये येतो तो पातळ पांढरा फोम घ्या, साधारण २० बाय २५ सेंटीमीटरचा. मध्यभागी लेन्सच्या नळीएवढं भोक पाडून तो लेन्सच्या टोकाला अडकवा आणि वरची कड थोडी पुढे वाकवा. फ्लॅशचा उजेड या फोमवर पसरतो आणि सावल्या मऊ होतात. मॅन्युअल मोडवर १/२०० सेकंद, एफ/११, आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ४००, फ्लॅश कॉम्पेन्सेशन उणे ⅔. यात पार्श्वभूमी काळीकुट्ट येईल, कारण फ्लॅशचा उजेड अंतराबरोबर झपाट्याने कमी होतो. ती काळी नको असेल तर विषयाच्या मागे पाच-दहा सेंटीमीटरवर एक मोठं हिरवं पान धरा. त्यावरही फ्लॅश पडतो आणि मागे हिरवा पडदा मिळतो. मावा आणि ढालकिडा यांच्यासाठी ही रीत अगदी चपखल आहे.

पाऊस सुरू झाला की आठ-पंधरा दिवस रुईला सुट्टी द्या आणि थेंबांकडे वळा. अळूच्या पानावर पाणी पसरत नाही, मोत्यासारखं गोळा होतं, कारण पानावर मेणाचे सूक्ष्म उंचवटे असतात आणि थेंबाखाली हवा अडकते. तिरप्या नजरेनं पाहिलं तर थेंबाचा तळ चांदीसारखा चमकतो, वरून पाहिलं तर ती चमक जाते. म्हणून पानाच्या पातळीवर खाली या. ढगाळ दिवस यासाठी उत्तम, फक्त पांढरं आभाळ फ्रेममध्ये येऊ देऊ नका. ओल्या पानांवरची चमक हिरवा रंग खाऊन टाकते. तिथे पोलरायझर (चमक कापणारा, फिरवता येणारा फिल्टर) लावा, उजेड दीड-दोन स्टॉप कमी होईल (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), तेवढा आयएसओ वाढवा. तुमच्या किट लेन्सवर फोकस करताना पुढची काच फिरते, त्यामुळे आधी फोकस, मग पोलरायझर फिरवणं, हाच क्रम ठेवा. उलट केलंत तर फोकसबरोबर पोलरायझरची जुळवणी बिघडेल. थेंबाची ती चांदी मात्र याच काचेनं मावळू शकते, म्हणून अळूसाठी पोलरायझर काढून ठेवा.

गवताच्या टोकाला लोंबणाऱ्या थेंबात मागचं फूल उलटं दिसतं, तो फोटो सगळ्यांनाच काढावासा वाटतो आणि बहुतेकांचा फसतो. फूल थेंबाच्या मागे पाच ते दहा सेंटीमीटरवर हवं आणि त्याच्यावर उजेड हवा. फोकस कुठे करायचा इथे घोटाळा होतो. थेंब हे एक छोटं भिंग आहे. फुलाची उलटी प्रतिमा थेंबाच्या आत नसून थेंबाच्या किंचित पुढे, कॅमेऱ्याच्या बाजूला तयार होते. तीन मिलिमीटरच्या थेंबात हा फरक साधारण दीड मिलिमीटर असतो. थेंबाच्या कडेवर फोकस केला की फूल पुसट होतं. कडेवर फोकस करा, मग कॅमेरा केसभर मागे घ्या आणि प्रतिमा कोरीव दिसेल तिथे थांबा. एफ/११ ठेवलं तर कडही थोडी सावरते. बाटलीतून ग्लिसरीन फवारून थेंब बनवणाऱ्यांची संख्या मोठी आहे. तसं करायचंच तर तसं लिहून टाका, आणि किड्याच्या अंगावर तर कधीच फवारू नका.

तिसरी गोष्ट म्हणजे सगळं थिजलेलं असलंच पाहिजे ही सवय सोडणं. तुमचे बगळ्यांचे फोटो १/२००० सेकंदाचे आहेत, तीक्ष्ण आहेत आणि निर्जीव आहेत. संध्याकाळी गायबगळे रातथाऱ्याकडे परततात तेव्हा तुमच्या प्रवरेकाठी उभे राहा. शटर प्रायॉरिटीवर १/३० सेकंद, आयएसओ १००-२००, फोकस एआय सर्व्होवर (हलत्या विषयाचा सतत पाठलाग करणारा ऑटोफोकस), मधला बिंदू. बगळा समोरून आडवा जात असेल तेव्हाच. पाय रोवून फक्त कंबर फिरवा, बगळा समोर येण्याआधीपासून त्याचा पाठलाग सुरू करा आणि फोटो निघाल्यावरही फिरवणं चालू ठेवा. बटण दाबताना हात थबकतो, तिथेच बहुतेक फोटो वाया जातात. डोकं स्पष्ट, पंख पसरलेले रेषांमध्ये, मागची बाभूळ ओघळलेली, असा फोटो दहात एखादा येईल. १/१५ वर गेलात तर शंभरात एखादा, पण तो बघण्यासारखा असेल. मागे नुसतं आकाश असेल तर ओघ दिसत नाही, मागे झाडी हवीच.

कॅमेरा मुद्दाम हलवून काढलेला फोटो तुमच्याकडच्या उसाला शोभेल. डिसेंबरच्या सुमारास तुरे आले की सूर्य मावळल्यावर १/४ सेकंद, एफ/१६, आयएसओ १०० वर वरून खाली हलवत फोटो काढा. रेषा ज्या दिशेने आहेत त्याच दिशेने कॅमेरा हलला पाहिजे. ऊस आणि निलगिरी उभे, नांगरलेलं रान आडवं. इथेही हालचाल आधी सुरू, बटण नंतर, नाहीतर रेषेच्या टोकाला आकडा येतो. लेन्सवरचं स्थिरीकरणाचं बटण बंद करायला विसरू नका, तुम्ही हलवताय आणि लेन्स सावरतेय असा झगडा होतो.

रंगाबद्दल एवढंच: पळस, झेंडू, जास्वंद यांचा लाल रंग मीटरला न कळवता जळतो. एकूण हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ठीक दिसतो आणि पाकळी मात्र सपाट, प्लॅस्टिकसारखी येते. स्क्रीनवर तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावून बघा, लाल उजव्या भिंतीला चिकटला असेल तर उणे ⅔. आणि जेपेगवर विसंबू नका, रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली मूळ, प्रक्रिया न केलेली माहिती) ठेवा. डार्कटेबल किंवा रॉथेरपी ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात.

आता काजवे. तुमच्यासाठी भंडारदरा, पुरुषवाडी हा अकोले तालुक्यातला पट्टा जवळ आहे. हंगाम मेअखेर ते पाऊस जोर धरेपर्यंतचा, म्हणजे साधारण जूनच्या मध्यापर्यंत. उजेड असतानाच जागेवर पोहोचा. कॅमेरा ट्रायपॉडवर, १८-५५ लेन्स १८ मिमीवर, एफ/३.५, दूरच्या झाडावर फोकस करून मॅन्युअलवर टाका आणि रिंगला चिकटपट्टी लावा. संधिप्रकाशात झाडाचा एक फोटो काढून ठेवा, तो पाया. मग काळोख पडल्यावर त्याच चौकटीत ३० सेकंदांचे, आयएसओ ३२०० वर, लागोपाठ तीस-चाळीस फोटो. मेनूमधलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन आधी बंद करा. ते चालू असलं तर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ पुन्हा घेतो आणि अर्धे काजवे निसटतात. घरी हे सगळे फोटो गिम्पमध्ये थरांवर थर ठेवून 'लायटन' पद्धतीने एकत्र करा, म्हणजे प्रत्येक थरातले फक्त उजळ ठिपके शिल्लक राहतात. तुमच्या कॅमेऱ्यात मल्टिपल एक्स्पोजरची सोय नाही, पण त्याने इथे काही अडत नाही. फोटोखाली मात्र 'चाळीस फोटोंचं मिश्रण' असं लिहा. एका क्षणी झाडावर तेवढे काजवे नसतात.

तिथे टॉर्च, मोबाइल, गाडीचे दिवे बंद. काजव्यांची लुकलुक ही जोडीदार शोधण्यासाठीची खूण आहे, तुमच्या उजेडात ती खूण पुसली जाते. लागलाच तर लाल उजेड, तोही पायाशी. गवतात, झुडपात बसलेल्या माद्या पायाखाली येतात म्हणून पायवाट सोडू नका.

याच ओघात आणखी दोन गोष्टी. किडे किंवा बेडूक फ्रीजमध्ये ठेवून सुस्त करायचे आणि मग फांदीवर मांडून फोटो काढायचे, हा धंदा चालतो. तसे फोटो ग्रुपवर आले तर वाहवा करू नका. घरट्याचे, अंड्यांवर बसलेल्या पक्ष्याचे फोटो तर काढूच नका. पक्षी उठला की उन्हात अंडी भाजतात, आणि तुमच्या पायवाटेवरून मागोमाग मांजर किंवा कावळा पोहोचतो.

बुरशीचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात, पण लेन्स त्यानेच मरतात. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की काचेवर बुरशी धरते, आणि अंधारात, कापडी किंवा चामडी पिशवीत ती जोमानं वाढते. म्हणून पावसाळ्यात कॅमेरा बॅगेत ठेवू नका. रबरी कडा असलेला हवाबंद डबा, त्यात निळ्या सिलिका जेलची पाव किलोची पुरचुंडी आणि एक छोटा आर्द्रतामापक, एवढं पुरतं. काटा ४० ते ५० च्या दरम्यान ठेवा. त्याखाली फार गेला तर रबर आणि वंगण वाळतं. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर तव्यात परतून पुन्हा निळे करा, तो तवा मात्र स्वयंपाकाला वापरू नका. पावसातून आल्यावर लेन्स लगेच डब्यात कोंबू नका, आधी पुसून तासभर पंख्याखाली ठेवा. महिन्यातून एकदा लेन्स टॉर्चसमोर धरून आरपार पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती लेन्स बाकीच्यांपासून वेगळी करा आणि दुरुस्तीवाल्याकडे द्या. घरी उघडलीत तर भिंगांची जुळणी जाईल.